बाहेरून लावलेलं कुलूप

सुरतेला निघाले तेव्हा जळगावच्या आमच्या घरी दोन प्रकारची माणसं भेटायला आली. काही साड्या आणायला सांगणारी आणि काही प्लेगची आठवण करून देणारी. प्लेगला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, तरी सुरतेचं नाव काढलं की लोकांचा हात अजून नकळत नाकाकडे जायचा. माझ्या नवऱ्याला साड्यांचीही काळजी नव्हती आणि प्लेगचीही. त्याने एवढंच विचारलं, "एकटीच जाणार?" मी हो म्हटलं. "मग पोचल्यावर फोन कर," म्हणून तो पुन्हा पेपरात शिरला.

मी तेव्हा जळगावात एका खासगी कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. वंदना माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन सुरतेला गेली आणि बरीच वर्षं तिचा पत्ता नव्हता. एका दुपारी क्लासात तिचा फोन आला. साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करणाऱ्या एका शेठकडे ती नोकरीला लागली होती. तिच्यासारख्या आणखी तिघी होत्या. कागदावर रंगवलेलं डिझाइन मशीनमधून आत घ्यायचं आणि त्यावरचे डाग, तुटलेल्या रेघा साफ करायच्या, एवढं काम त्यांच्याकडे होतं. पुढचं, म्हणजे छपाईसाठी एकेक रंग वेगळा काढायचं काम, पुरुष करत. तेच खरं डिझायनरचं काम. शेठला मागणी वाढल्यामुळे ते बायकांनाही शिकवायचं होतं, पण बायकांच्या खोलीत पुरुष मास्तर बसवायचा नव्हता. म्हणून वंदनाने माझं नाव सुचवलं होतं.

"मॅडम, तुम्ही नाही म्हटलं तर ते शिकवणंच राहील," ती म्हणाली. मी क्लासातून रजा घेतली आणि तापीकाठच्या रेल्वेने निघाले.

गोडादरा

स्टेशनवर वंदनाचा नवरा शांताराम आला होता. सडपातळ, केसांवर धाग्याचे बारीक तंतू. बमरोलीला एका शेडमध्ये तो माग चालवायचा आणि पाळी संपवून तसाच आला होता. रिक्षातून जाताना मी नाक मुठीत धरून बसायची तयारी केली होती, पण रस्ते आमच्या जळगावपेक्षा स्वच्छ निघाले. "प्लेगने शहर धुऊन काढलं, मॅडम," शांताराम म्हणाला. "आधी माणसं नेली, मग कचरा नेला."

गोडादऱ्याच्या गल्लीत शिरलो तसा मागांचा खटखटाट सुरू झाला. तो मी तिथे होते तोवर थांबला नाही. गल्लीतली पाटी गुजरातीत, किराणा दुकानातलं बोलणं हिंदीत, आणि ओट्यांवरच्या बायकांच्या गप्पा थेट पारोळा-अमळनेरच्या अहिराणीत. प्रत्येक ओट्यावर साडी पसरलेली आणि तिच्यावर वाकून टिकल्या आणि खडे चिकटवणारी एक बाई. वंदनानेही लग्नानंतर हेच केलं होतं. गोंदाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. पण काम घरातल्या घरात होतं, म्हणून त्याला कोणी काम म्हणत नव्हतं.

वंदनाची सासू सगळ्या गल्लीची जिजी. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, बोलणं मोजकं. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी असं ताट पुढे ठेवलं. इतका प्रवास करून मी पुन्हा खानदेशातच जेवायला बसले होते. जिजी समोर बसून मला न्याहाळत होती. मला किती मुलं, नवरा काय करतो, हे झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

"तुम्ही बी त्या खोलीमाच बसतीन ना?"

"हो, तिथेच शिकवायचं आहे."

"बेस शे. खोलीले बाहेरथून कुलूप लावतस. म्हनीसन मी वंदनाले जाऊ देस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वंदनाकडे पाहिलं. ती माझ्या ताटात भरीत वाढत होती आणि तिने मान वर केली नाही.

चौथा मजला

रिंगरोडच्या कापड बाजारातल्या इमारती बाहेरून एकसारख्या दिसतात. आत जिन्यातून डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं चढत-उतरत असतात आणि आपण भिंतीला चिकटून वर जायचं. चौथ्या मजल्यावर शेठची जागा होती. आधी एक लांबलचक हॉल. त्याला रस्त्याकडे मोठ्या खिडक्या. तिथे कागदावर हाताने डिझाइनं उतरवणारे कारागीर आणि कॉम्प्युटरवर बसणारे तिघे-चौघे पुरुष. एका कोपऱ्यात पांढऱ्या टोपीतले, जाड चष्म्याचे रमणीककाका वाकून कुयरी काढत होते. त्यांचं आयुष्य कुयऱ्या काढण्यात गेलं होतं.

हॉलच्या मागे प्लायवूडची भिंत घालून बायकांची खोली केली होती. तिचं दार मात्र हॉलमध्ये उघडत नव्हतं. ते बाहेरच्या अंधाऱ्या बोळात होतं, म्हणजे बायकांना पुरुषांमधून जावं लागू नये. चपला बाहेर काढायच्या. आत जमिनीवर गालिचा, एसीची गार हवा, चार कॉम्प्युटर, देवीचा फोटो आणि त्याच्यापुढे उदबत्ती. खिडकी नव्हती. वंदनाखेरीज तिथे हेतल होती, बाजारातल्याच एका दलालाची मुलगी, हसरी. आणि मंगल व भारती या दोघी बहिणी, मूळच्या जालन्याकडच्या, आता लिंबायतला राहणाऱ्या. इथे सगळ्या एकमेकींना नावापुढे बेन लावून हाक मारत. आमच्याकडे वंदनाला कोणी वंदे म्हणेल, कोणी शांतारामची बायको. इथे ती वंदनाबेन होती, आणि त्या एका शब्दाने तिची बसण्याची ढबही बदललेली मला दिसली.

आम्ही जागेवर बसलो आणि दाराबाहेर कडी वाजली. मग कुलूप अडकल्याचा आवाज. मॅनेजर प्रवीणभाईंची पावलं दूर गेली.

"बाहेर जायचं असेल तर?" मी विचारलं.

हेतलने भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं. "बेल मारायची. चौकीदार प्रवीणभाईंना सांगतो, ते येऊन उघडतात."

"लगेच येतात?"

"त्यांना वेळ असेल तेव्हा," मंगल म्हणाली. नंतर माझ्या लक्षात आलं, दुपारपर्यंत एकीनेही पाणी प्यायलं नव्हतं.

शिकवणं मात्र फार छान चाललं. चार रंगांचं एक फूल घेऊन त्यातला लाल तेवढा वेगळा कसा उचलायचा, हे दाखवल्यावर पडद्यावर नुसत्या पाकळ्या उरल्या, तेव्हा भारतीने हळूच "अगं बाई" म्हटलं. पलीकडून हॉलमधलं हसणं-बोलणं ऐकू येत होतं. त्यांचा चहा येत-जात होता. कोणी गॅलरीत जाऊन बिडी ओढून येत होतं. संध्याकाळी आम्ही निघालो की त्यातलेच काही जण या खोलीतल्या मशीनवर बसत. तेव्हा दार सताड उघडं असे.

दुसऱ्या दिवशी मी शेठना भेटले. गोरे, शांत, अदबीने बोलणारे गृहस्थ. मला बसायला सांगून त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "कुलूप कशासाठी?"

"बेन, डिझाइन चोरीला जातं. सकाळी आपल्याकडे बनलं, संध्याकाळी समोरच्या दुकानात छापलेलं दिसतं. आणि तीन घरांनी माझ्यावर भरवसा ठेवून मुली पाठवल्यात. काही बोलणं उठलं तर कोण पाठवेल?"

"डिझाइन तर हॉलमधूनही चोरीला जाईल. तिथे कुलूप नाही."

ते हसले. "ते तर पुरुष आहेत."

"आत काही झालं तर?"

"काय होणार आहे? मी इथे आहे, प्रवीण आहे." मग थोडं थांबून, तितक्याच अदबीने, "तुम्ही शिकवायला आलात ते शिकवा, बेन. तुम्ही जाल. मला त्यांच्या घरच्यांना तोंड द्यायचं आहे."

तापीकाठी

त्या संध्याकाळी वंदना आणि हेतल मला तापीच्या काठी पोंक खायला घेऊन गेल्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतवाले त्याच्यावर लिंबू-मिऱ्याची शेव टाकतात आणि वर साखरेचे दाणे. आपण हुरड्याला लसणाची चटणी लावतो. तिथे तोंडात आधी गोड येतं, मग आंबट, मग तिखट, आणि ज्वारीची चव शेवटी सापडते. पोंकाचे हिरवे वडे तळत होते. नदीवरून गार वारा येत होता. हीच तापी आमच्या जिल्ह्यातून खाली येते. तिकडे तिला आम्ही गृहीत धरतो, इकडे तिच्या काठी लोक ठेवणीतले कपडे घालून येतात.

मी शेठशी काय बोलले ते सांगितलं. हेतल म्हणाली, "बरं झालं." वंदनाने मात्र हातातला द्रोण खाली ठेवला.

"मॅडम, परत बोलू नका."

"तुला आवडतं ते कुलूप?"

"मला कुठे विचारलंय कोणी." तिचा आवाज चढला नव्हता, पण एकदम कोरडा झाला होता. "जिजीने मला पाठवायच्या आधी स्वतः येऊन खोली पाहिली. तिने शेठला सांगितलं, दार बंद असेल तरच सून येईल. मंगल-भारतीच्या बापाने तेच सांगितलं. ते कुलूप निघालं की आम्ही चौघी घरी. तुम्ही जळगावला जाल. मी परत ओट्यावर बसून खडे चिकटवीन."

"पण हे बरोबर नाही, वंदना."

"नाहीच बरोबर. पण आत बसल्यावर मी कोणीतरी असते. त्याच्यासाठी मी बाहेरचं कुलूप चालवून घेते."

हेतलने विषय बदलायला आणखी एक प्लेट वडे मागवले.

धूर

त्यानंतरचा एक दिवस. सकाळपासून विजेचा दाब कमी-जास्त होत होता. दिवे मंद व्हायचे, पुन्हा लख्ख व्हायचे. टेबलाखाली यूपीएसचा मोठा डबा होता, वीज गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून. तो मधूनमधून चिडल्यासारखा टूंऽऽ करत होता. मंगलने प्रवीणभाईंना सकाळी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, माणूस बोलावतो.

जेवणाची सुटी झाली. आमचे डबे आतच खाऊन झाले. हॉलमधला आवाज कमी झाला होता. बहुतेक माणसं खाली गेली असावीत. मी भारतीच्या मागे उभी राहून तिला काही दाखवत होते. टेबलाखाली तडतड झाली, जसं कढईत मोहरी पडावी. जळक्या रबराचा वास आला. हेतल खाली वाकली आणि झटक्यात मागे सरली. डब्याच्या फटीतून निळसर जाळ दिसत होता.

मग सगळे दिवे गेले.

एसी थांबला तेव्हा कळलं, त्या खोलीत किती शांतता असू शकते. त्या अंधारात फक्त टेबलाखालचा उजेड. धूर दिसत नव्हता, पण घशाला कळत होता. मी भिंत चाचपत बटणापाशी गेले आणि दाबत राहिले. काही वेळाने वंदना शेजारून म्हणाली, "मॅडम, लाइट नाहीये. बेल कशी वाजेल?"

दार जाड होतं आणि आतल्या बाजूला उघडत होतं. त्याला धक्के मारून उपयोग नव्हता. तरी आम्ही मारले. हाका मारल्या. दाराबाहेर भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. येता-जाता ते माझ्या खांद्याला लागायचं. मधे फक्त ते दार होतं. प्रवीणभाई किल्ली खिशात घालून छपाईच्या मिलमध्ये गेले होते, हे नंतर कळलं. चौकीदार त्यांना शोधायला खालीवर पळत राहिला, हेही नंतर.

गालिच्याने पेट घेतला. जाळ मोठा नव्हता, पण धूर काळा आणि दाट झाला. भारती रडत बहिणीला घट्ट धरून होती. मी त्यांना खाली बसवलं, ओढण्या, पदर तोंडाला लावायला सांगितले. प्यायच्या पाण्याची बाटली होती, ती त्यावर ओतली. माझा आवाज मला क्लासातल्यासारखा येत होता. घरी फोन करायचा राहून गेलाय, असं काहीतरी भलतंच डोक्यात आलं.

वंदना प्लायवूडच्या भिंतीशी गेली होती. तिने लाकडी स्टूल उचललं आणि भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पलीकडून कोणाची तरी हाक आली. म्हातारा, घाबरलेला आवाज. रमणीककाका जेवायला खाली गेले नव्हते.

"काका, अहीं, इथे," हेतल ओरडली आणि खोकत खाली बसली.

भिंतीच्या पलीकडे छपाईच्या लाकडी चौकटी रचून ठेवल्या होत्या. काका त्या एकेक करून बाजूला टाकत होते. चौकट पडल्याचा आवाज येई, आणि मग पुढची. आम्हाला इकडे ते ऐकू येत होतं आणि त्यात घाई करता येत नव्हती. वंदना थांबली नाही. स्टुलाचा पाय तुटला, तिने उरलेल्या तुकड्याने मारायला सुरुवात केली. मीही हाताला लागेल ते घेऊन मारत होते. शेवटी एका जागी पांढरी भेग दिसली, उजेडाची. काकांनी पलीकडून त्या भेगेत काहीतरी घालून ओढलं. प्लायवूड करकरलं आणि फाटलं.

आधी भारतीला ढकललं, मग मंगलला. हेतलला उचलून द्यावं लागलं, ती शुद्धीत नव्हती. कडेच्या खिळ्यांनी माझा तळहात फाटला, ते मला बाहेर आल्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. सगळ्यांत शेवटी वंदना आली. खिडकीपाशी जाऊन तिने दोन्ही हातांनी गज धरले आणि नुसती श्वास घेत राहिली. खाली रस्त्यावर हातगाड्या, स्कूटरी, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

हेतलला इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी ती घरी आली. आग खालून आलेल्या माणसांनी विझवली. नुसती एक खोली काळी झाली होती, बाजाराने त्याची फारशी दखलही घेतली नाही.

त्या दिवशीची संध्याकाळ

आम्ही पोचायच्या आधी बातमी गोडादऱ्याला पोचली होती. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. शांताराम काम टाकून आला होता. त्याने वंदनाकडे पाहिलं, तिचे काळे झालेले हात पाहिले, आणि बादलीत पाणी काढलं.

जिजी म्हणाली, "आते बंद. उद्यापाशीन जावानं नही. घर बठ."

वंदना हात धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "बरं."

तिचं ते "बरं" मला धुरापेक्षा जास्त लागलं. मी जिजीसमोर बसले. तिच्या घरात पाहुणी होते, तिच्या हातचं जेवत होते. तरी बोलले.

"जिजी, वीज गेली म्हणून आम्ही अडकलो नाही. वीज तर हॉलमधलीही गेली होती. तिथली माणसं सरळ जिना उतरली असती. आम्ही अडकलो कारण दाराला कुलूप होतं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "किल्ली कोनजोडे व्हती?"

"मॅनेजरच्या खिशात. तो इमारतीत नव्हता."

"आणि तुम्ही बेल..."

"बेल विजेवर चालते."

बाहेर माग चालूच होते. शांताराम दारात उभा होता. तो म्हणाला, "माय, तू म्हनशी तसं." तिने त्याच्याकडेही पाहिलं नाही. मग ती उठून वंदनाजवळ गेली, तिच्या पदराला अजून धुराचा वास येत होता, तो पदर हातात घेतला, नाकाशी नेला आणि सोडून दिला. त्यानंतर ती स्वयंपाकाला लागली. काय ठरलं हे त्या संध्याकाळी आम्हाला कोणालाच कळलं नाही.

शेठसमोर

सकाळी वंदना घरातच थांबणार असं धरून मी एकटी निघायला लागले. माझी पिशवी, काही पुस्तकं तिथेच होती. चपला घालत होते तर जिजी चांगलं लुगडं नेसून बाहेर आली. वंदनाला म्हणाली, "चाल." शांतारामला कामावर जायला सांगितलं. तो गेला नाही, आमच्यामागे आला.

चार मजले चढताना जिजी दोनदा थांबली. हॉलमध्ये शेठ, प्रवीणभाई, कारागीर असे सगळे होते. मंगल-भारतीचे वडील आधीच आले होते आणि मुलींचं सामान मागत होते. भिंतीला मोठं भगदाड. त्यातून काळी पडलेली खोली दिसत होती.

शेठचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी जिजीला हात जोडले. "माजी, तुमच्या पुण्याईने सगळ्या वाचल्या. आता मी ठरवलंय, लेडीजचं कामच बंद. ही जबाबदारी मला नको."

मला वाटलं, संपलं. जिजीलाही हेच हवं होतं. तिने मान हलवली की आम्ही जिना उतरणार.

जिजी म्हणाली, "किल्ली कथी व्हती?"

अहिराणी आणि गुजराती या बहिणीच. शेठना नीट समजलं. ते प्रवीणभाईंकडे बघायला लागले, प्रवीणभाई जमिनीकडे.

"माजी, खरं सांगू का," शेठ म्हणाले. आवाजात आता थोडी धार होती. "कुलूप माझ्या मनात नव्हतं. तुम्हीच इथे उभं राहून म्हणालात, दार बंद पाहिजे. तुमच्यासाठी लावलं मी."

वंदनाने डोळे मिटून घेतले. शेठ खोटं बोलत नव्हते. सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्या बाईवर त्यांनी सगळा भार टाकला होता, आणि आता ती काय करेल, रडेल की चिडेल, याची वाट पाहत सगळे उभे होते.

"हां," जिजी म्हणाली. "मीच सांगेल व्हतं. आते मीच सांगस. काढ ते."

शेठनी मागच्या खोलीकडे पाहिलं.

"त्या खोलीमा नही." तिने हॉलच्या खिडक्यांकडे बोट दाखवलं. "आठे बसाड. उजेडमा. हाई दार उघडं, ती खिडकी उघडी. माणसं बसतस तठे मनी सून बशी."

एक कारागीर काहीतरी पुटपुटला. बायका इथे बसल्या तर आम्ही मोकळेपणी बोलायचं कसं, असं काहीसं. रमणीककाका आपल्या कोपऱ्यातून उठले. त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. "बोलायचं कमी कर," ते त्याला म्हणाले. "काल मुली भिंतीपलीकडे ओरडत होत्या तेव्हा तू पान खायला गेला होतास."

मीही बोलले. मी म्हटलं, शिकवणं अर्धं झालंय. उरलेलं मी या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत शिकवीन. पुरुषांपैकी कोणाला बसायचं असेल त्यानेही बसावं. शेठ भगदाडापाशी जाऊन आत बघून आले. त्यांना माल द्यायचा होता, माणसं कमी होती, हेही खरं. शेवटी म्हणाले, "प्रवीण, खिडकीजवळची टेबलं मोकळी कर."

मंगल-भारतीचे वडील मात्र ऐकेनात. ते हात जोडून म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण मी बाप आहे. मला आता झोप लागणार नाही." दोघी बहिणी त्यांच्यामागे जिना उतरल्या. भारतीने वळून पाहिलं, मंगलने पाहिलं नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत. मी असेपर्यंत त्यांची खबरही लागली नाही.

राहिलेले दिवस मी खिडकीजवळ शिकवलं. हेतल बरी होऊन परत आली, आवाज अजून घोगरा. पहिल्या दिवशी पुरुषांनी मुद्दाम पाठ फिरवून बसायचा प्रयोग केला. तो फार टिकला नाही, कारण मशीनवर काम करायचं तर तोंड आमच्याकडेच होत होतं. वंदनाने एका पानाफुलांच्या डिझाइनचे सगळे रंग एकटीने वेगळे काढले आणि ते मिलमध्ये छापायला गेलं. तिचं काम आता पुरुषांच्या कामाएवढं झालं होतं. तिला त्यांच्याएवढं मानलं जाईल का, हे मी विचारलं तेव्हा शेठ म्हणाले, "बघू." हा शब्द गुजरातीत आणि मराठीत सारखाच लांब असतो.

परतीचा फलाट

निघायच्या दिवशी वंदना कामावर होती. शांतारामची पाळी होती. स्टेशनवर सोडायला जिजी आली. मी नको म्हटलं, पण ती रिक्षात चढून बसलीही होती. तिने बरोबर डब्यात दशम्या आणि चटणी बांधून दिली होती. मी माझ्यातर्फे सुरतेची घारी घेतली होती, घरी न्यायला. तुपात माखलेली ती मिठाई पाहून जिजीने तोंड वाकडं केलं. "इतलं तूप," ती म्हणाली, "हाई लोके पचाडतस कसं?"

फलाटावर बाकावर आम्ही शेजारी बसलो. गाडी लागलेली होती, सुटायला अवकाश होता. मी म्हटलं, "जिजी, तुम्ही फार मोठं काम केलंत."

तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

"कुलूप व्हतं तवय माले झोप लागे," ती म्हणाली. "आते नही लागत. सांजपावत मना जीव गल्लीना कोपरावर उभा राहस. कोन बोलनं व्हई, कोन मागे येनं व्हई." थोड्या वेळाने म्हणाली, "लागो नही झोप. मनी झोपसाठे तिले कोंडी ठेवानं का?"

मी तिचा हात धरला. तो खरखरीत आणि गार होता. फलाटावर चहावाल्यांची ये-जा सुरू होती. उन्हं कलायला लागली होती. जिजीने आकाशाकडे पाहिलं आणि एकदम उठली.

"जिजी, गाडी सुटू दे ना."

"नही, पोरी. ती सुटानी येळ व्हयनी."

ती वंदनाच्या कामावरून सुटण्याबद्दल बोलत होती. पदर खोचून ती जिन्याकडे निघाली, गर्दीत माणसांना कोपराने बाजूला सारत. तिने मागे वळून पाहिलं नाही. माझी गाडी अजून फलाटावरच उभी होती.